गिऱ्हाईकाच्या बाजूची स्क्रीन: यूएसबी अडॅप्टर घेण्याआधी सीपीयूच्या मागे बघा

चॅनलवर गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. "ताई, एका कॉम्प्युटरला दोन-तीन मॉनिटर लागतील का?" "ताई, ऑनलाइन यूएसबी टू एचडीएमआय मिळतंय, घेऊ का?" "ताई, घेतलं, पण चालत नाही, आता काय करू?" या आठवड्याच्या व्हिडिओत जोडणी करून दाखवली आहे. व्हिडिओत सगळं बोलायला वेळ पुरत नाही, म्हणून हिशोब, नावं आणि आकडे इथे लिहून देते. खरेदीला जाताना हे पान मोबाईलवर उघडून ठेवा.

आधी एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. जास्तीची स्क्रीन तुम्हाला कशासाठी पाहिजे?

बहुतेक जण म्हणतात, "काम फास्ट होईल." होईल, थोडं होईल. पण आपल्यासारख्या छोट्या दुकानात, म्हणजे ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्स, तिकीट बुकिंग, बिलिंग असं काम जिथे चालतं तिथे, जास्तीच्या स्क्रीनचा खरा फायदा वेगळा आहे. ती स्क्रीन गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवायची असते. तुम्ही काय टाईप करताय ते त्याला दिसलं पाहिजे.

तराजूचा काटा दोन्ही बाजूंनी

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बघा, आकडा दुकानदाराच्या बाजूला दिसतो तसा गिऱ्हाईकाच्या बाजूलाही दिसतो. पेट्रोल पंपावर गाडीवाला मीटरवर शून्य बघूनच मान हलवतो. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर प्रवाशाच्या बाजूला डिस्प्ले असतो, गाडी आणि तारीख त्यावर वाचून घ्यायची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झालं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधार नोंदणीच्या सामानाची जी यादी ठरली, त्यात लॅपटॉप, कॅमेरा, बोटांच्या ठशांचं यंत्र, डोळ्यांचं यंत्र यांच्याबरोबर आणखी एक वस्तू होती: रहिवाशाने स्वतःची माहिती तपासावी यासाठी एक वेगळा मॉनिटर. ऑपरेटर टाईप करणार, समोर बसलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी नाव, पत्ता, जन्मतारीख बघणार, हो म्हणणार, मगच नोंदणी पुढे जाणार. इतक्या मोठ्या कामात चूक शोधायला सगळ्यात योग्य माणूस कोण? ज्याचं नाव आहे तो स्वतः.

आता आपल्या काउंटरवर या. मी मलकापूरला दुकान चालवते. कराडला लागून, पुणे-बेंगळुरू हायवेवरचं गाव. सकाळी खेड्यातून दाखल्यासाठी आलेले आजोबा, दुपारी कृष्णा विद्यापीठात शिकणारी परराज्यातली मुलगी प्रोजेक्ट प्रिंट करायला, संध्याकाळी कोणीतरी पॅनकार्डाची दुरुस्ती घेऊन. प्रत्येकाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची एक गोष्ट असते. सूर्यवंशी: मध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू'? चव्हाण: 'व्ही'नंतर 'एच' आहे की नाही? आधारवर आधी नाव, दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर.

एक अक्षर चुकलं की फॉर्म परत येतो. आपल्याला तो अर्ध्या तासाचा फेरा वाटतो. पण गिऱ्हाईकाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचं भाडं दोनदा जातं, आणि कॉलेज प्रवेशाची शेवटची तारीख असेल तर पोराचं वर्ष टांगणीला लागतं. मग तो माणूस गावात जाऊन काय सांगतो? "त्या दुकानात नको, तिथं नाव चुकवतात." ही जाहिरात कुठल्याही पैशाने पुसता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. काउंटरवर गिऱ्हाईकाच्या बाजूला एक स्क्रीन लावा. आणि ती लावताना यूएसबी अडॅप्टर हा पहिला रस्ता नाही, शेवटचा रस्ता आहे. आधीचे तीन रस्ते बघा, ते स्वस्त आहेत. शेवटचा रस्ता लागलाच, तर डोळे उघडे ठेवून घ्या.

पहिला रस्ता: सीपीयूच्या मागे टॉर्च मारा

खरेदीच्या आधी एक काम करा. टेबलाखाली वाका, धूळ पुसा आणि सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाईलने फोटो काढा. स्क्रीनची केबल लागते अशी किती तोंडं आहेत ते मोजा.

व्हीजीए: निळं, तीन ओळींत १५ भोकं, बाजूला दोन स्क्रू. १९८७ सालापासूनचं हे तोंड आजही जुन्या मॉनिटरवर असतंच. एचडीएमआय: चपटं, टीव्हीला असतं तेच. डिस्प्लेपोर्ट: एचडीएमआयसारखंच दिसतं, पण एकच कोपरा कापलेला. डीव्हीआय: बहुतेक वेळा पांढरं, मोठं, मधे चौकोनी भोकांच्या ओळी.

ऑफिसमधून निघालेले जे वापरलेले कॉम्प्युटर आपण घेतो, त्यात बऱ्याचदा यातली दोन तोंडं असतातच. एकात तुमचा मॉनिटर आहे, दुसरं रिकामं. मग यूएसबी अडॅप्टर कशाला? रिकाम्या तोंडात केबल घाला, दुसरा मॉनिटर चालू. ड्रायव्हरची भानगड नाही, प्रोसेसरवर वेगळा भार नाही. इंटेलच्या २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीपासून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एकावेळी तीन स्क्रीनसुद्धा चालवू शकतं, फक्त मदरबोर्डने तेवढी तोंडं दिलेली असली पाहिजेत.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तोंड एचडीएमआय आणि जुना मॉनिटर व्हीजीए असेल तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' कन्व्हर्टर लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो. पण तो एकाच दिशेने चालतो. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे. दुकानात मागताना "कॉम्प्युटरला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए" असं पूर्ण वाक्य बोला.

दोन, सीपीयूत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटर कार्डाच्या तोंडाला लावा. बऱ्याच मशीनमध्ये कार्ड बसवलं की मदरबोर्डवरची तोंडं आपोआप बंद होतात. तिथे केबल लावून "पोर्ट खराब आहे" म्हणू नका. काही मशीनमध्ये बायोसमधून ती परत चालू करता येतात.

तीन, इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डचं एचडीएमआय नुसतं शोभेचं असतं.

दुसरा रस्ता: स्प्लिटर

एचडीएमआय स्प्लिटर म्हणजे एकाच चित्राच्या दोन प्रती. तुमच्या स्क्रीनवर जे, तेच गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवर. तुम्हाला तेवढंच पाहिजे असेल आणि कॉम्प्युटरला एकच एचडीएमआय असेल, तर स्प्लिटर पुरतो. स्क्रीन मोठी करायची म्हणून स्प्लिटर घेणारे मात्र फसतात. आमच्या एका प्रशिक्षण बॅचमधल्या जोडप्याने स्प्लिटर आणला आणि दोन दिवस सेटिंगमध्ये 'एक्स्टेंड' शोधत बसले. तो पर्याय येणारच नाही. कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे एकच मॉनिटर लावलेला आहे.

तिसरा रस्ता: लॅपटॉपचं टाईप-सी

लॅपटॉपवर दुकान चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा. टाईप-सी हा तोंडाचा आकार आहे. त्यातून चित्र जाईलच असं नाही. काही टाईप-सी फक्त चार्जिंग आणि डेटा देतात. काहींमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड असतो, म्हणजे त्याच तोंडातून मॉनिटरचं चित्र सरळ बाहेर पडतं. ही सोय २०१४ साली जाहीर झाली. तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टची इंग्रजी 'डी' आणि 'पी' मिळून केलेली खूण असेल किंवा थंडरबोल्टची वीज असेल, तर चित्र जातं. खूण नसेल तर कंपनीच्या वेबसाईटवर मॉडेल नंबर टाकून बघा.

चित्र जात असेल तर साधा 'टाईप-सी टू एचडीएमआय' अडॅप्टर पुरतो. ड्रायव्हर टाकायला नको. चित्र जात नसेल तर हाच स्वस्त अडॅप्टर लावून काळी स्क्रीन बघत बसावं लागेल. त्यात अडॅप्टरचा दोष नसतो.

चौथा रस्ता: यूएसबी अडॅप्टर

आता समजा सगळी तोंडं भरली. एका स्क्रीनवर तुम्ही फॉर्म भरता, दुसरीवर स्कॅन केलेला कागद उघडा ठेवता, आणि तिसरी गिऱ्हाईकाला पाहिजे. किंवा लॅपटॉपला एकच एचडीएमआय आहे आणि ते वापरात आहे. इथे यूएसबी अडॅप्टरची खरी गरज लागते.

तो कसा चालतो हे एकदा समजून घ्या, म्हणजे दुकानदार तुम्हाला काहीही विकू शकणार नाही.

फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगते. सगळ्यांचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. जुनं यूएसबी २.० कागदावर सेकंदाला ४८ कोटी बिट नेतं. यूएसबी ३.० कागदावर ५०० कोटी नेतं.

आमच्या मलकापूरला मीटरवर चोवीस तास पाणी आहे, तेव्हा पाइपची भाषा इथे सगळ्यांना कळते. अर्ध्या इंचाच्या पाइपातून चार इंचाचं पाणी जात नाही. मग ३०० कोटी बिट ४८ कोटींच्या पाइपातून कसे जाणार? म्हणून युक्ती केलेली असते. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर चित्राचा बदललेला भाग शोधतो, तो दाबून लहान करतो आणि यूएसबीतून पाठवतो. अडॅप्टरमधली चिप तो परत उलगडून मॉनिटरला देते.

यातून चार गोष्टी आपोआप कळतात.

पहिली: दाबायचं काम तुमचा प्रोसेसर करतो. जुना, दमलेला प्रोसेसर असेल तर माऊस ओढल्यासारखा चालेल.

दुसरी: ड्रायव्हर लागतोच. 'प्लग अँड प्ले' लिहिलेलं असलं तरी आत कुठेतरी ड्रायव्हर बसलेला असतो.

तिसरी: फॉर्म, पीडीएफ, बिल, एक्सेल यांच्यात स्क्रीन फारशी बदलत नाही, म्हणून तिथे अडॅप्टर छान चालतो. गेम, व्हिडिओ एडिटिंग, सिनेमा यांच्यात स्क्रीन सतत बदलते, तिथे तो रडतो. व्हिडिओ एडिटिंगचं काम मुख्य तोंडाला लावलेल्या मॉनिटरवरच ठेवा.

चौथी: अडॅप्टर यूएसबी ३ च्या तोंडातच लावा. ते बहुतेक वेळा आतून निळं असतं किंवा शेजारी 'एसएस' अशी इंग्रजी खूण असते.

चिपचं नाव विचारा

अडॅप्टरच्या डबीवरचा ब्रँड कुठलाही असो, आतली चिप महत्त्वाची. या क्षेत्रातलं सगळ्यात परिचित नाव आहे डिस्प्लेलिंक. २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला सुरू झालेली ही कंपनी २०२० साली सिनॅप्टिक्स या कंपनीने घेतली. वेगवेगळ्या ब्रँडचे बरेच अडॅप्टर आणि डॉक आत हीच चिप वापरतात. फायदा काय? ड्रायव्हर सिनॅप्टिक्सच्या वेबसाईटवर मोफत मिळतो आणि नवीन विंडोज आली की नवा ड्रायव्हरही येतो. विंडोज १० आणि ११ वर इंटरनेट चालू असेल तर तो बहुतेक वेळा स्वतःच उतरतो. मॅकवर त्यांचं ॲप टाकावं लागतं आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. घाबरू नका, चित्र उचलायला ती परवानगी लागते.

याहून खूप स्वस्त अडॅप्टर दुसऱ्या चिपवर येतात. सगळेच वाईट नसतात. पण डबीवर चिपचं नाव नाही, ड्रायव्हर कुठल्या तरी अनोळखी लिंकवरून उतरवा असं लिहिलेलं आहे, मॅक चालेल का त्याचं उत्तर नाही, असं असेल तर लांब राहा. ज्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार, पॅन आणि बँकेची कागदं उघडतात, त्यावर अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर टाकायचा नाही. इथे दोनशे-पाचशे रुपये वाचवू नका.

दुकानात विचारायचे प्रश्न लिहून घ्या:

१. आत चिप कोणती? ड्रायव्हर कोणाच्या वेबसाईटवर?
२. यूएसबी ३ आहे ना? फुल एचडी, ६० हर्ट्झ चालतं ना?
३. बाहेर एचडीएमआय येतं की व्हीजीए? माझ्या मॉनिटरला कोणतं आहे?
४. नाही चाललं तर किती दिवसांत परत घेणार? बिलावर लिहून द्या.

चौथा प्रश्न विचारायला लाजू नका. कराडच्या किंवा साताऱ्याच्या दुकानात समोर लावून बघता येत असेल तर लॅपटॉप घेऊनच जा. ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त गेले तरी चालतील.

केबल आणि हब

जोडणीत सगळ्यात जास्त गडबड इथे होते. सीपीयू तुमच्या पायाशी, गिऱ्हाईकाची स्क्रीन काउंटरच्या पलीकडे, म्हणजे केबल तीन-चार मीटर लागते. मग लोक लांब यूएसबी एक्स्टेन्शन घेतात आणि अडॅप्टर मॉनिटरपाशी ठेवतात. उलटं करा. यूएसबी ३ ची साधी केबल तीन मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. चांगली एचडीएमआय केबल फुल एचडीला पाच मीटर आरामात जाते. म्हणून अडॅप्टर सीपीयूजवळ ठेवा आणि तिथून लांब एचडीएमआय केबल न्या.

दुसरं, साध्या यूएसबी हबमध्ये अडॅप्टर, बोटांच्या ठशांचं यंत्र, वेबकॅम आणि प्रिंटर सगळं एकत्र कोंबू नका. यूएसबी २ चं एक तोंड ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. हबवरची सगळी यंत्रं तेवढ्यातच वाटणी करतात. मग ऐन गर्दीत ठसा घेताना यंत्र बंद पडतं आणि शिव्या विंडोजला बसतात. अडॅप्टर थेट सीपीयूच्या मागच्या तोंडात, ठशांचं यंत्र वेगळ्या तोंडात. हब लागलाच तर स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असलेला घ्या.

विजेचं सांगायचं तर १९-२० इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅटच्या आसपास घेतो. तोही यूपीएसवर घ्या. लाईट गेल्यावर तुमची स्क्रीन चालू आणि गिऱ्हाईकाची काळी झाली, तर त्याला वाटतं त्याचा फॉर्मच गेला.

सेटिंग: कधी 'एक्स्टेंड', कधी 'डुप्लिकेट'

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा. उजवीकडे चार पर्याय येतात. आपल्या कामाचे दोन: 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, 'एक्स्टेंड' म्हणजे दोन वेगळ्या स्क्रीन.

दिवसभर 'एक्स्टेंड' ठेवा. गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवर एक साधं पान उघडं ठेवा: कोणत्या दाखल्याला कोणती कागदं लागतात, आपला दर किती, दुकानाची वेळ काय. रांगेतला माणूस ते वाचतो, निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

फॉर्म भरून झाला, सबमिट करायच्या आधीचं प्रिव्ह्यू पान उघडलं, की विंडोज आणि 'पी', मग 'डुप्लिकेट'. आता दोघंही तेच पान बघताय. माऊसचा बाण एकेका ओळीखाली फिरवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर, बँक खात्याचे आकडे. गिऱ्हाईक "बरोबर" म्हणाला की पुढची ओळ. शेवटी सबमिट, आणि परत 'एक्स्टेंड'.

'डुप्लिकेट'मध्ये एक गोम आहे. गिऱ्हाईकाच्या बाजूला जुना चौकोनी मॉनिटर असेल आणि तुमचा फुल एचडी, तर दोन्हींना जमेल असं लहान रिझोल्यूशन घेतलं जातं आणि तुमची अक्षरंही बेढब होतात. शक्य असेल तर दोन्ही मॉनिटर एकाच रिझोल्यूशनचे घ्या. तीन स्क्रीन असतील तर डिस्प्ले सेटिंगमध्ये फक्त एक आणि तीन नंबर डुप्लिकेट करता येतात, दोन नंबरवर तुमचा स्कॅन तसाच राहतो.

डीटीपीवाल्यांनी डुप्लिकेटच्या फंदात पडायची गरज नाही. लग्नपत्रिकेची पीडीएफ उघडा, विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण एकत्र दाबा, खिडकी उडी मारून दुसऱ्या स्क्रीनवर जाते. घरची चार माणसं समोर बसून मुहूर्त, वार, तारीख, आत्याचं नाव, सगळं वाचून घेतात. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर "आमच्या भाऊंचं नाव राहिलं" हे ऐकण्यापेक्षा ही दहा मिनिटं स्वस्त.

दुसऱ्याचा कागद तिसऱ्याला दिसू नये

स्क्रीन बाहेर वळवली की जबाबदारीही वाढते. आजोबांचं उत्पन्न, बाईंचा आधार नंबर, कोणाचा तरी बँक बॅलन्स रांगेतल्या दहा जणांना दिसायला लागला, तर सेवेच्या नावाखाली आपण लोकांचं नुकसान करतोय. देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, गावात राहून धंदा करायचा तर माणसाची झाकली मूठ झाकलीच राहिली पाहिजे.

म्हणून हे नियम पाळा. स्क्रीनचं तोंड रांगेकडे नाही, समोरच्या एका खुर्चीकडे. पासवर्ड आणि ओटीपी टाकताना कायम 'एक्स्टेंड', आणि ते पान तुमच्या बाजूला. व्हॉट्सॲप वेब आणि मेल फक्त मुख्य स्क्रीनवर. नोटिफिकेशन बंद. डेस्कटॉपवर गिऱ्हाईकांच्या नावाच्या फायली पसरलेल्या नकोत. एक माणूस उठला की त्याची खिडकी बंद, मगच पुढचा.

आणि ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी नुसती स्क्रीन लावून आपण सुटलो असं होत नाही. पान मोठं करा, कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबून. मग हळू आवाजात एकेक ओळ वाचून दाखवा. "आजोबा, जन्मसाल एवढं लिहिलंय, बरोबर ना?" आकडे आणि स्वतःचा फोटो बहुतेकांना ओळखता येतात. सोबत नातू असेल तर त्यालाही पुढे बसवा.

हिशोब

आता पैशाचं. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या वहीतले आकडे घालून बघा.

समजा तुम्ही चौथ्या रस्त्याने गेलात. अडॅप्टर, केबल आणि वापरलेला मॉनिटर मिळून ६,००० रुपये लागले. समजा दिवसाला एक फॉर्म चुकीमुळे परत येतो आणि त्यात तुमचा अर्धा तास जातो. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेबारा तास. तुमची तासाची कमाई १०० रुपये धरली तर महिन्याला १,२५० रुपये वाया. म्हणजे पाच महिन्यांत स्क्रीनचे पैसे निघाले.

तेच पहिल्या रस्त्याने, सीपीयूच्या मागचं रिकामं तोंड वापरून, कन्व्हर्टर आणि वापरलेला मॉनिटर मिळून २,५०० रुपयांत झालं, तर दोन महिन्यांत पैसे निघाले. म्हणूनच आधी टेबलाखाली वाका म्हणते.

आणि दिवसाला एकही फॉर्म परत येत नसेल, गिऱ्हाईक घाईत नसेल, तर? मग आत्ता घेऊच नका. मॉनिटर थोडा फिरवता येईल असा स्टँड लावा, प्रिव्ह्यूच्या वेळी तोंड गिऱ्हाईकाकडे फिरवा. फुकटात काम झालं. धंदा वाढला की स्क्रीन वाढवा. नवीन दुकान टाकताना तीन मॉनिटर लावून फोटो टाकणारे पुष्कळ असतात. गिऱ्हाईक मॉनिटर मोजत नाही. त्याचं नाव बरोबर आलं का, एवढंच तो बघतो.

या आठवड्याचा गृहपाठ

आज दुकान बंद करायच्या आधी तीन गोष्टी करा. सीपीयूच्या मागचा फोटो काढा आणि तोंडं मोजा. गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर स्वतः बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. आणि एका वहीत उद्यापासून लिहायला लागा: आज किती फॉर्म परत आले, कशामुळे. नाव, तारीख, फोटो, खाते नंबर, जे असेल ते. एक महिना झाला की ती वही तुम्हाला सांगेल, स्क्रीन लागते की नाही आणि कितीपर्यंत खर्च करायचा.

कोणतं तोंड कशाचं हे कळलं नाही तर फोटो व्हिडिओखाली टाका. फक्त टाकण्याआधी बघा, फोटोत मागे कोणाचं आधारकार्ड तर आलेलं नाही ना.